पायाभरणीच्या चित्रात मागे किल्ला कुठून येणार?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चूक असेल तर तुम्हाला लगेच कळेल. तुम्ही देवगड तालुक्यातल्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवता. गावच्या नव्या सभागृहासाठी आठ फूट बाय पाच फुटांचं चित्र तुमच्याकडे आलंय आणि विषय आहे सिंधुदुर्गाची पायाभरणी. समितीला मधोमध मोठे शिवाजी महाराज हवेत, पाठीमागे पूर्ण किल्ला हवा, त्यावर भगवा हवा आणि समुद्र खवळलेला हवा. संदर्भ म्हणून तुमच्यापाशी कॅलेंडरवरची चित्रं आणि मालिकांतले फोटो आहेत. तुम्ही विचारताय, "प्रत्यक्षात कसं दिसत होतं हे कुणालाच माहीत नसेल, तर कल्पनेची मोकळीक किती घ्यायची?"

मी सावंतवाडीत राहतो आणि गेली सत्तावीस वर्षं किनाऱ्यावरचे जुने प्रसंग रंगवतो आहे. सुरुवातीची बरीच वर्षं मलाही हाच प्रश्न पडायचा. आता वाटतं, मोकळीक किती हा भाग नंतरचा. मुख्य अडचण अशी की चित्रात 'बहुधा' लिहिता येत नाही. इतिहास लिहिणारा माणूस 'असे सांगतात', 'असावे' असे शब्द वापरून मोकळा होतो. आपण कुणाच्या कमरेला कट्यार काढली की ती तिथे होतीच. बघणाऱ्याला आपली शंका दिसत नाही, फक्त कट्यार दिसते. चित्रातला प्रत्येक ठसठशीत तपशील हा एक दावा असतो. तेव्हा कुठला दावा ठासून करायचा आणि कुठला हलक्या हाताने सोडून द्यायचा, हे ठरवणं हेच ऐतिहासिक चित्राचं निम्मं काम आहे.

हे मला एका विद्यार्थ्याने शिकवलं. मराठे आणि इंग्रज यांच्यात समुद्रावर झालेल्या खांदेरीच्या लढाईचं माझं एक चित्र एका शाळेच्या दालनात लागलं होतं. त्यातल्या गुराबेच्या, म्हणजे मोठ्या लढाऊ जहाजाच्या, नाळेवर (पुढच्या टोकावर) मी वेलबुट्टीची नक्षी काढली होती, अगदी बारीक कुंचल्याने, चार दिवस खपून. तिला आधार काहीच नव्हता. नाळ मोकळी मोकळी वाटत होती, म्हणून काढली. वर्षभराने त्याच शाळेतल्या नववीच्या मुलाचा प्रकल्प माझ्या हातात आला. विषय होता मराठा आरमाराची जहाजं, आणि त्यात माझी नक्षी जशीच्या तशी उतरवून खाली लिहिलं होतं, 'मराठा गुराबांवर असे कोरीवकाम असे.' मुलाची काहीच चूक नव्हती. चित्रात सगळ्यात रेखीव जे होतं तेच त्याने उचललं. पुढच्या आठवड्यात मी शाळेत जाऊन शिडी लावली आणि ती नाळ पातळ गडद रंगाचा हात देऊन सावलीत घातली.

तेव्हापासून प्रत्येक चित्राची एक वही असते. पानाचे तीन उभे भाग करतो. पहिल्यात कागदपत्रांत किंवा जागेवर सापडलेलं. दुसऱ्यात परिस्थितीवरून निघणारं. तिसऱ्यात माझं स्वतःचं, म्हणजे चित्राची गरज म्हणून घातलेलं. पहिल्या भागातल्या गोष्टी उजेडात आणि स्पष्ट कडांनी येतात. तिसऱ्यातल्या गोष्टी सावलीत, गर्दीत, पाठमोऱ्या, धुरात किंवा कपड्याच्या घडीत. चित्र त्याने दुबळं होत नाही. डोळ्याला विसावायला जागा मिळते, ती वेगळीच.

आता तुमच्या चित्राकडे येतो. तुम्ही महाराजांच्या चेहऱ्यापासून सुरुवात करणार होता असं लिहिलंय. मी जागा आणि वेळ यांपासून सुरुवात करतो, कारण तिथे हाती लागतं ते फार ठोस असतं.

सिंधुदुर्गाच्या पायाभरणीचा दिवस २५ नोव्हेंबर १६६४, शके १५८६, मार्गशीर्ष वद्य द्वितीया असा दिला जातो. चित्रकारासाठी यातली तिथी सोन्यासारखी आहे. भरतीचा हिशेब किनाऱ्यावर सगळ्यांना पाठ असतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. द्वितीयेची पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी दीडच्या सुमारास पूर्ण भरती आणि सकाळी साडेसातच्या आसपास पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. शिवाय पौर्णिमा नुकतीच उलटलेली, तेव्हा उधाणाचे दिवस, पाणी चांगलंच मागे गेलेलं. पूजा सकाळी झाली असं धरलं (हे वहीच्या तिसऱ्या भागात, मी तसं धरतो), तर कुरटे बेटाचे (याच बेटावर पुढे सिंधुदुर्ग उभा राहिला) आणि किनाऱ्याचे खडक उघडे पडलेले असणार, शेवाळलेले, ओले, मध्ये मध्ये पाण्याची डबकी साचलेली. खवळलेल्या समुद्रापेक्षा ही जमीन रंगवायला कितीतरी समृद्ध आहे.

वद्य द्वितीयेचा आणखी एक फायदा बघा. त्या सकाळी सूर्य उगवतो तेव्हा चंद्र अजून मावळलेला नसतो. मालवणच्या किनाऱ्यावर उभं राहून बेटाकडे पाहिलं, तर पूर्वेचा कोवळा उजेड आपल्या पाठीमागून बेटावर पडतो आणि बेटाच्या वरच्या बाजूला, पश्चिमेच्या आभाळात, फिका चंद्र. असा आकाशपट मनाने सुचला असता तर मीच तो नाटकी म्हणून खोडला असता. इथे तो पंचांगातून आलाय.

यात एक सापळा आहे, त्यात मी स्वतः अडकलो होतो. शिवकाळातल्या इंग्रजी तारखा साधारणपणे जुन्या, म्हणजे ज्युलियन पद्धतीच्या असतात. इंग्रजांनी नवी ग्रेगोरियन पद्धत १७५२ मध्ये घेतली. पोर्तुगीज मात्र १५८२ पासूनच नव्या पद्धतीने तारखा घालत होते. सतराव्या शतकात या दोन्हींत दहा दिवसांचं अंतर होतं, तेव्हा गोव्याच्या कागदातली आणि मुंबईच्या कागदातली एकाच दिवसाची तारीख वेगळी दिसते. मोबाईलवरच्या एखाद्या खगोलाच्या ॲपमध्ये २५ नोव्हेंबर १६६४ टाकलं आणि त्याने ती नवी तारीख धरली, तर शुक्ल सप्तमीच्या आसपासचा चंद्र येतो. मग सकाळी चंद्रच नाही, आणि भरतीही भांगाची, म्हणजे कमी चढउताराची. नव्या पद्धतीने तो दिवस ५ डिसेंबर येतो. म्हणून तिथी मिळत असेल तर आधी तिथी धरा, इंग्रजी तारीख तिच्याशी जुळवून घ्या.

५ डिसेंबर म्हटलं की ऋतूही स्पष्ट होतो. पाऊस संपून बरेच दिवस झालेले, आभाळ निरभ्र, पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा, किनाऱ्यालगत पाणी जवळजवळ सपाट. सड्यावरचं गवत पिवळं पडलेलं, भात कापून झालेलं. काळे ढग आणि खडकांवर आपटणाऱ्या लाटा हे आषाढातलं दृश्य आहे, आणि आषाढात या किनाऱ्यावर कुणी होडी घालत नाही. समितीला हे सांगाल तेव्हा कुठल्याही गावकऱ्याला ते लगेच पटेल, कारण त्यांचा जन्म त्यात गेलाय.

आता मागच्या किल्ल्याचं. पायाभरणीच्या दिवशी किल्ला नसतो. ऐकायला साधं वाटतं, पण किती चित्रांत बुरूज बांधून तयार असतात आणि पुढे भूमिपूजन चाललेलं असतं! इथे तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. पहिली, उघडं कुरटे बेट रंगवायचं. मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे, त्यावर गणपती, सूर्य, चंद्र कोरलेले आहेत आणि बांधकामाआधीची पूजा तिथे झाली अशी परंपरा आहे. तो धोंडा पुढे, पाठीमागे पाणी आणि पल्याड रिकामं बेट. मला व्यक्तिशः हे चित्र फार आवडेल. आज ज्याने तिथे तटबंदी पाहिलीय त्याला ते रिकामं बेट बघून क्षणभर चुकल्यासारखं वाटेल, आणि इथे काय उभं राहिलं याचा अंदाज त्याचा तोच बांधेल.

दुसरी वाट म्हणजे प्रसंगच बदलायचा. पायाभरणीऐवजी बांधकाम घ्या. किल्ला १६६७ मध्ये पुरा झाला, म्हणजे मधली सुमारे तीन वर्षं तुमची आहेत. हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखालची ती कामं, पायाच्या दगडांत ओतायला शिसं वितळवणाऱ्या भट्ट्या, होड्यांतून उतरणारं सामान, अर्धवट उठलेला तट. समितीला भिंती हव्याच असतील तर हा मार्ग प्रामाणिक आहे. मात्र एक सांभाळा: त्या भिंती नव्या आहेत. आज दिसतो तो काळवंडलेला, पावसाने खाल्लेला, शेवाळाने धरलेला रंग तेव्हा नव्हता. जिथे जांभ्याचं काम असेल तिथे ताजा चिरा कसा दिसतो ते कुठल्याही चिरेखाणीवर जाऊन पाहा: तांबडा, मध्ये पिवळसर डाग, आणि ओला असताना जवळजवळ मांसासारखा. किल्ल्याच्या आजच्या फोटोवरून रंग उचलला तर तुम्ही कोवळ्या पोराला म्हाताऱ्याचे केस लावाल.

किनाऱ्यावरच्या झाडांबद्दल माझा आग्रह जरा जास्तच आहे, तो सहन करा. चित्रात सुरूचं बन नको. आज आपल्या किनाऱ्यांवर सुरू इतका रुळलाय की तो इथलाच वाटतो, पण ती लागवड एकोणिसाव्या शतकात आणि त्यानंतर झालेली आहे. गुलमोहोरही तेव्हाचाच पाहुणा, मूळचा मादागास्करचा. माड चालेल, उंडी चालेल, केवडा चालेल. काजू चालेल, कारण तो पोर्तुगीजांबरोबर आधीच आलेला होता. घरं दाखवणार असाल तर छपरं गवताने किंवा झापांनी शाकारलेली ठेवा. आपल्याला ओळखीचं ते चपटं मंगलोरी कौल नको. मंगळूरला बासल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ मध्ये सुरू झाला. कपड्यांचे रंगही नीळ, मंजिष्ठ, हळद यांच्या घरातले घ्या. झगझगीत जांभळा टाळा, कारण रासायनिक रंगांची सुरुवातच १८५६ ची.

आता महाराज. पायाभरणीच्या वेळी त्यांचं वय होतं चौतीस. कॅलेंडरवरचे महाराज पन्नाशीचे वाटतात आणि आपण नकळत तेच वय उचलतो. चौतीस वर्षांचा, घोडदौडीचा, उन्हातान्हातला माणूस काढा. राज्याभिषेक पुढे दहा वर्षांनी, ६ जून १६७४ ला, तेव्हा छत्र-चामरं-सिंहासनाचा थाट या चित्रात नको. तो थाट रंगवायचाच असेल तर राज्याभिषेकाचा प्रसंग घ्या. तिथे इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेनने पाहिलेलं लिहून ठेवलंय: भाल्यांच्या टोकावर सोन्याची माशांची शिरं, घोड्यांच्या शेपट्या, न्यायाचा तराजू, दारापाशी लहान हत्ती. चित्रकाराला याहून काय हवं?

चेहऱ्याबाबत हात आखडता घ्या. त्या काळातली किंवा लगतची जी दख्खनी पद्धतीची चित्रं आज परदेशातल्या संग्रहालयांत आहेत, त्यांतला चेहरा बाजूने दिसतो: धारदार नाक, टोकदार दाढी, मोठा डोळा. समोरून दिसणारा चेहरा हा कुणाही चित्रकाराचा अंदाजच असतो. एके काळी तर दुसऱ्याच माणसाचं चित्र महाराजांचं म्हणून सर्रास छापलं जात होतं, आणि इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी खरं चित्र पुढे आणल्यावर ते मागे पडलं. म्हणून मी महाराजांना बेटाकडे पाहताना, बाजूने दाखवीन. नजर बेटावर असली की बघणाऱ्याची नजरही तिकडेच जाते, आणि चेहऱ्यासाठी तुम्ही उपलब्ध पुराव्याच्या जवळ राहता. आकाराने ते सगळ्यांत मोठे असण्याची गरज नाही. कोवळं ऊन फक्त त्यांच्या खांद्यावर आणि गालावर पडू द्या, बाकीची माणसं धोंड्याच्या सावलीत ठेवा. दहा पावलांवरूनही महाराज कुठे आहेत हे लहान मूल सांगेल.

होड्या काढाल तेव्हा वाऱ्याचं भान ठेवा. माझं एक गलबतांचं चित्र वाळत ठेवलेलं असताना मालवणचा एक म्हातारा तांडेल ते बघायला आला होता. खूप वेळ गप्प उभा राहिला. मग शिडावर बोट ठेवून म्हणाला, "मास्तरानू, ह्या शिडाचो वारो खयचो, आणि ह्या निशाणाचो खयचो? दोन वारे इले काय?" मी शीड पुढे फुगवलं होतं आणि निशाण मागे फडकवलं होतं, धावत्या गाडीवरच्या झेंड्यासारखं. वारा पाठचा असेल तर निशाणही पुढेच उडणार. पुस्तकांत मी गुराबा आणि गलबतांची वजनं, तोफा, वल्ही सगळं वाचलं होतं. ही गोष्ट कुठल्याच पानावर नव्हती, कारण लिहिणाऱ्यांना ती लिहावीशी वाटली नव्हती. तेव्हापासून जहाजाचं चित्र मी आधी दर्यावर जाणाऱ्या माणसाला दाखवतो, मग इतिहासाच्या जाणकाराला.

वारा आणि उजेड नीट धरला की लढाईसुद्धा कशी उलगडते, त्याचं उदाहरण म्हणून पुन्हा खांदेरी सांगतो. १८ ऑक्टोबर १६७९ च्या पहाटे मराठ्यांची साठाहून अधिक गलबतं चौलच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावरून निघून इंग्रजांच्या आठ जहाजांवर चालून गेली, आणि इतक्या वेगाने की नांगर उचलायलाही त्यांना पुरता वेळ मिळाला नाही. मी हा प्रसंग पहिल्यांदा रंगवला तेव्हा दोन्हीकडे तट्ट फुगलेली शिडं दाखवली. नंतर विचार केला: किनारा पूर्वेला, वेळ पहाटेची. पुढे येणाऱ्यांच्या पाठीमागे सूर्य आणि पाठीमागेच जमिनीवरचा मंद मतलई वारा, शिवाय हाताशी वल्ही. इंग्रजांच्या बड्या जहाजाला मात्र शिडांवाचून हलता येत नाही आणि समोरून डोळ्यांत उजेड. दुसऱ्या चित्रात मी वल्ह्यांच्या रांगा पुढे आणल्या आणि इंग्रजांची शिडं अर्धवट, लोंबती ठेवली. त्या पहिल्या हल्ल्याचा जोर त्या शिडांतच दिसू लागला. जाता जाता: त्या इंग्रजी जहाजांवरच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या निशाणात तांबडे-पांढरे पट्टे आणि कोपऱ्यात पांढऱ्यावर साधा तांबडा क्रॉस हवा. आपल्या ओळखीचा युनियन जॅक त्यातल्या तिरक्या तांबड्या रेघांसकट १८०१ नंतरचा आहे. तो शिवकाळात किंवा आंग्र्यांच्या काळात फडकवू नका.

इतकं सगळं मानायचं की नाही, हे चित्र कुठे लागणार त्यावर थोडं अवलंबून आहे. दशावताराच्या पडद्यावर किंवा जत्रेच्या कमानीवर मी एवढा हिशेब मांडणार नाही, तिथे रंगांचा जोर आणि ठेवणीतली मुद्राच हवी. सभागृहातलं चित्र मात्र वीस-तीस वर्षं तिथेच राहतं आणि गावातली मुलं ते बघत मोठी होतात. शिवाय समितीची इच्छा म्हणजे अडथळा असंही समजू नका. त्यांना भव्यता हवी आहे, आणि ती मागणी रास्त आहे. त्यांच्यापुढे नुसती तक्रार घेऊन गेलात तर ते कॅलेंडरवरच बोट ठेवतील. दोन कच्ची रेखाटनं घेऊन जा, एक रिकाम्या बेटाचं आणि एक अर्ध्या बांधलेल्या तटाचं. दोन्हींत भगवा असू द्या. पहिल्यात तो धोंड्याजवळ रोवलेल्या काठीवर, बेटाच्या दिशेने उडणारा, कारण वारा जमिनीकडचा आहे. चंद्राची आणि ओहोटीची गोष्ट त्यांना सांगा. माझा अनुभव असा की तिथीचा हिशेब ऐकला की बैठकीतली वयस्क माणसं पुढे सरकून बसतात, कारण त्या विषयात ती आपल्यापेक्षा तयार असतात. चित्राखाली एक छोटी पाटी लावायला मंजुरी घ्या: कोणत्या गोष्टी नोंदींवरून घेतल्या, कोणत्या परंपरेवरून आणि कोणत्या चित्रकाराच्या. माझ्या सगळ्या नव्या चित्रांखाली ती असते.

सामानाबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. तैलरंगात करणार असाल तर पावसाळ्यात हात घालू नका. थर आतून ओला राहतो आणि कॅनव्हासच्या पाठीला बुरशी धरते. दिवाळीनंतर सुरू करून फाल्गुनाच्या आत संपवा, आणि लावताना भिंत आणि चौकट यांत दोन बोटं हवा खेळती ठेवा. किनाऱ्याजवळच्या इमारतीत खिळे-बिजागऱ्या लोखंडी नकोत, पितळी किंवा स्टेनलेस स्टीलच्या घ्या.

आणि रंगाला हात लावायच्या आधी एक सकाळ मालवणला काढा. या वर्षीची मार्गशीर्ष वद्य द्वितीया कधी येते ते पंचांगात पाहा, आदल्या रात्री मुक्कामाला जा आणि साडेसहाला मोरयाच्या धोंड्यापाशी पोहोचा. जलरंग, पेन्सिल आणि जाड कागद एवढंच न्या. कॅमेरा पिशवीत असू द्या, तो त्या उजेडातलं निळं नीट पकडत नाही. पहिल्यांदा चंद्राची जागा आणि उंची कागदावर मांडून घ्या, कारण ऊन चढलं की तो दिसेनासा होतो. मग खडकांवरची पाण्याची रेघ, मग बेट. तटबंदी डोळ्यांसमोर असेलच, ती कागदावर घेऊ नका.